पाचव्या मितीतल्या गुरुत्वीय लहरी, ठाण्याच्या नौपाड्यातल्या टेबलावर : प्रकल्पाच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

भाचीच्या एमएस्सी प्रकल्पामुळे हे माझ्या गळ्यात पडलं. आर्याला विषय मिळालाय जादा मिती असलेल्या विश्वातले गुरुत्वीय क्षोभ (म्हणजे गुरुत्वीय लहरी) आणि ते काढायच्या सन्निकट (जवळजवळ बरोबर) पद्धती. ताईने फोनवर एवढंच सांगितलं, "तुझं फिजिक्स झालंय ना, मग बघ तिचं." माझं फिजिक्स होऊन एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून मी ऐरोलीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतोय. टेस्टिंगवाल्याला एकच विद्या येते, दुसऱ्याचं उत्तर कुठे आपटेल ते शोधण्याची. बघू ती इथे चालते का.

उद्या दुसऱ्या कुणी हाच उद्योग काढला तर त्याचे आठवडे वाचावेत म्हणून नोंदी ठेवतोय. थिअरी पुस्तकात आहे, इथे नाही लिहिणार. कामापुरतं एवढंच: लिसा रँडल आणि रमण सुंद्रम यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या चित्रात आपलं विश्व हा पाच मितींच्या वक्र अवकाशातला चार मितींचा पडदा असतो. त्याला ब्रेन म्हणतात (मेंदूचा नव्हे, मेम्ब्रेनचा). बाहेरच्या अवकाशाला बल्क. बल्कच्या वक्रतेची लांबी एल. टेबलावरच्या पिळाच्या तराजूच्या प्रयोगांत न्यूटनचा नियम मिलिमीटरच्या विसाव्या भागापर्यंत खरा उतरलाय, त्यामुळे एल असलाच तर त्याच मापाचा किंवा त्याहून लहान. आम्हाला काढायचंय ते हे: इन्फ्लेशननंतर (विश्व आरंभी क्षणात प्रचंड फुगलं तो टप्पा) ब्रेन प्रसरण पावत असताना त्यावरच्या गुरुत्वीय लहरीचं काय होतं, आणि तिचा किती भाग बल्कमध्ये गळून जातो.

खर्च: लॅमिंग्टन रोडवरून जुना डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, १९,५०० रुपये. यूपीएस ३,२०० रुपये. बायकोने विचारलं, "हे आर्याचं की तुझं?" मी उत्तर दिलं नाही.

८ जून

पार्श्वभूमी आधी. घनता भागिले ब्रेनचा ताण, याला आम्ही एप्सिलॉन म्हणतोय. प्रसरणाचा वेग देणाऱ्या फ्रीडमनच्या समीकरणात घनतेच्या जोडीला तिचा वर्गही येतो, म्हणून एप्सिलॉन मोठा असताना प्रसरणाची चाल बदलते. प्रारणाने (प्रकाशासारख्या किरणांनी) भरलेल्या विश्वाचा आकार एरवी काळाच्या १/२ घाताने वाढतो, इथे सुरुवातीला १/४ घाताने. कोडने दोन्ही टोकं बरोबर दिली. संध्याकाळी दोन तासांत काम झालं. एवढ्या सहज झालं की मनात पाल चुकचुकली.

आर्याने वहीत एक सुरेख गोष्ट काढून दाखवली. हबल दर (म्हणजे प्रसरणाचा दर) गुणिले एल याला आम्ही एच-एल म्हणतो. एच-एलच्या वर्गात १ मिळवून वर्गमूळ काढलं की नेमकं (१ + एप्सिलॉन) येतं. मी "छान" म्हणून पान उलटलं.

१४ जून

पहिली सन्निकट पद्धत: ब्रेनच्या जवळची. ब्रेनला लंब अशी पाचवी मिती वाय घ्यायची, आणि ब्रेनजवळ लहर वायच्या दिशेने फारशी बदलत नाही असं धरायचं. मग अख्खं आंशिक अवकल समीकरण मोडून कालाचं साधं समीकरण उरतं. २००४ साली बॅटी, मेनिम आणि व्हॅन डी ब्रुक यांनी हा मार्ग नीट मांडलाय. संगणकाला दोन सेकंद लागले. लहर आडवी राहिली, क्षितिजाच्या आत आली (म्हणजे प्रकाशाच्या पोहोचीचं अंतर तिच्या लांबीपेक्षा मोठं झालं), डोलू लागली, हळूहळू विरली. आलेख इतका देखणा की आर्याने लगेच प्रबंधाच्या फोल्डरमध्ये टाकला.

(नंतरची भर: तो आलेख काढून टाकायला सप्टेंबर उजाडला.)

२१ जून

पद्धत कुठे तुटते ते बघायचं म्हणून वाय ० पासून एक एलपर्यंत जाळी पसरली आणि लहर पूर्ण सोडवायला घेतली. एप्सिलॉन १०० ला पहिल्याच पावलात सगळीकडे एनएएन, म्हणजे "ही संख्याच नाही" असं संगणकाचं उत्तर. पाऊल लहान केलं, एनएएन. आणखी लहान केलं, एनएएन. तीन तास मी पावलालाच शिव्या देत होतो.

पावलाचा काही दोष नव्हता. या निर्देशांकांत (कोऑर्डिनेट्समध्ये) बल्कमधला आकार म्हणजे ब्रेनवरचा आकार गुणिले एक कंस, आणि त्या कंसात कॉशमधून (१ + एप्सिलॉन) गुणिले साइन्श वजा होतं (कॉश, साइन्श, टॅन्श ही वायची हायपरबोलिक फलनं). वायचा टॅन्श जिथे १ भागिले (१ + एप्सिलॉन) होतो तिथे कंस शून्य होतो आणि निर्देशांकच मरतात. एप्सिलॉन १ असताना ही जागा ०.५५ एलवर आहे. एप्सिलॉन १०० असताना ०.०१ एलच्याही अलीकडे. म्हणजे मी जी जाळी पसरली होती तिचा ९९ टक्के भाग अस्तित्वात नसलेल्या जागेवर होता.

यातून कळलेली कामाची गोष्ट: ब्रेनजवळची पद्धत उच्च ऊर्जेला (म्हणजे एप्सिलॉन मोठा असताना) "थोडी कमी अचूक" होते असं नाही, तिच्या पायाखालची जमीनच ब्रेनच्या नाकापर्यंत सरकते. कमी ऊर्जेला ती उत्तम आहे. पण कमी ऊर्जेला पाचवी मिती काही करतच नाही, मग ती वापरायची कशाला, हा प्रश्न मी आर्याला विचारला नाही. प्रकल्पाच्या शीर्षकातच ती पद्धत आहे.

६ जुलै, आषाढी

निर्देशांक बदलले. आता बल्क स्थिर, आणि ब्रेन त्यातून सरकतोय. बल्कची पाचवी दिशा झेड, ब्रेनची जागा म्हणजे एल भागिले विश्वाचा आकार. विश्व मोठं होतं तसा ब्रेन लहान झेडकडे धावतो. बल्कमधलं समीकरण एकदम सोपं होतं, सगळी गुंतागुंत हलत्या काठावर जाते.

झेड अनंतापर्यंत जातो, जाळी जात नाही. म्हणून झेड २० एलला एक भिंत घातली. एप्सिलॉन १ पासून सुरुवात केली. दुपारी साबुदाण्याची खिचडी खाऊन परत आलो तर आलेखावर अनपेक्षित काही दिसलं: लहर ठीक विरत होती, आणि बल्कच्या काळात ३९ च्या सुमारास तिला एक फुगवटा आला. अगदी स्पष्ट. जणू बल्कमध्ये गेलेली ऊर्जा परत येत होती.

आर्याला फोन केला. ती साडेसहाच्या लोकलने ऐरोलीहून आली. आम्ही दोघं आलेख बघत बसलो. "मामा, हे कुणी आधी बघितलंय का रे?" तिने हळू आवाजात विचारलं. मी म्हटलं, बहुतेक नाही. रात्री साडेअकरापर्यंत पेपरचं शीर्षक काय द्यायचं यावर चर्चा केली. हे लिहिताना कान लाल होतात, पण लिहायचं ठरवलंय.

१२ जुलै

आमचे जुने सर पाचपाखाडीत राहतात, निवृत्त आहेत. त्यांना आलेख दाखवायला नेला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, आलेख पाहिला आणि विचारलं, "तलावपाळीला कधी दगड टाकलायस? कठड्याला लागून तरंग परत येतो तो कुठल्या मितीतून येतो?"

घरी येऊन भिंत २० वरून ४० एलला नेली. फुगवटा ३९ वरून ७९ ला गेला. भिंत २० ला असताना जायला एकोणीस आणि यायला वीस, प्रकाशाच्या वेगाने. परत येत होती ती आमचीच भिंतीवर आपटलेली लहर. माझा धंदा टेस्टिंगचा, आणि सीमा दुप्पट करून बघणं ही पहिल्या दिवशी करायची गोष्ट मी सहा दिवस केली नाही, कारण उत्तर आवडलं होतं.

भिंतीवर "शोषक" थर लावून बघितला. फुगवटा लहान झाला, गेला नाही. भिंतच नको अशी रीत हवी.

२० जुलै

भिंत नको असेल तर प्रकाशरेषांची जाळी. काल उणे झेड आणि काल अधिक झेड हेच दोन निर्देशांक घ्यायचे, पहिला यू, दुसरा व्ही. ब्रेनवरच्या शेवटच्या क्षणापर्यंत जे जे पोहोचू शकतं ते सगळं एका त्रिकोणात मावतं, त्याबाहेरच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. संजीव सेहरा यांनी २००६ मध्ये ही रीत या प्रश्नासाठी मांडली. लहरीला झेडच्या दीड घाताने भागलं की समीकरणात फक्त एक विभव (पोटेन्शियल) उरतो, १५ भागिले झेडच्या वर्गाची चौपट, अधिक तरंगसंख्येचा (लहर किती दाट आहे त्या संख्येचा) वर्ग. मग प्रत्येक हिरकणीच्या आकाराच्या चौकटीत तीन कोपऱ्यांवरून चौथा कोपरा मिळतो. कोड चाळीस ओळींचं.

पहिला प्रयत्न सारख्या अंतराच्या जाळीने केला आणि ब्रेन जाळीतून जाईचना. कारण कागदावर काढलं. एप्सिलॉन १०० ला बल्कमधून ब्रेनचा वेग प्रकाशाच्या ०.९९९९५ पट. म्हणजे ब्रेन जवळजवळ प्रकाशरेषेवरूनच चालतो: यूची सुमारे ४०,८०० पावलं होतात तेव्हा व्हीचं एक पाऊल होतं. सारखी जाळी म्हणजे आंबा कापायला कुऱ्हाड.

तोडगा: जाळीच्या रेषा सारख्या अंतरावर न घेता ब्रेनकडून घ्यायच्या. ब्रेनवर एन खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेतून एक यूरेषा आणि एक व्हीरेषा काढायची. मग प्रत्येक खूण आपोआप जाळीच्या गाठीवर येते, काठावर कुठेही इंटरपोलेशन (दोन गाठींमधला अंदाज) लागत नाही. शिवाय "ब्रेनला लंब दिशेने लहरीचा उतार शून्य" ही काठाची अटही सरळ होते, दोन्ही दिशांचे उतार सारखे, एवढंच. हे सुचलं दिघा गाव स्टेशनजवळ गाडी थांबलेली असताना. कागद नव्हता, तिकिटाच्या मागे लिहिलं.

२६ जुलै

जाळी चालली, उत्तर चुकलं. चाचणी साधी होती: तरंगसंख्या जवळजवळ शून्य ठेवली तर लहर क्षितिजाबाहेर असते आणि १ वर स्थिर राहायला हवी. आमची घसरत होती. थोडीथोडकी नव्हे, विश्व चौपट मोठं होईपर्यंत जमिनीला टेकली.

आधी वाटलं, लंबाचं चिन्ह चुकलं. चिन्ह उलटं करून पाहिलं तर लहर घसरण्याऐवजी स्फोटासारखी वाढली, तेव्हा मूळ चिन्ह बरोबर होतं हे सिद्ध झालं. शनिवार सगळा यात गेला.

चूक आर्याने पकडली. ती चहाचा कप घेऊन मागे उभी होती. "मामा, उतार शून्य करायचाय तो लहरीचा. तू कोडमध्ये झेडच्या दीड घाताने भागलेल्या राशीचा करतोयस." अगदी बरोबर. काठाची अट मूळ लहरीला लागू आहे. भागलेल्या राशीला लावायची तर तिच्यात एक जादा पद येतं, कारण ब्रेन हलतोय आणि झेड बदलतोय. एक ओळ बदलली, लहर १ वर जाऊन बसली ती हललीच नाही.

स्थिर ब्रेनची चाचणीही याच दिवशी लावली: एप्सिलॉन शून्य केला तर ब्रेनवर निव्वळ कोसाइन मिळायला हवी. मिळाली. पाऊल अर्धं केलं की चूक पाव व्हायला हवी होती, पण अर्धीच होत होती. काठावरच्या त्रिकोणी चौकटी मी ढोबळपणे हाताळल्या होत्या. आरशातल्या प्रतिमेसारखा पलीकडचा कोपरा गृहीत धरून त्या नीट केल्यावर चूक पाववर आली. ज्यांना हेच करायचंय त्यांनी या दोन चाचण्या आधी लिहाव्यात, कोड नंतर.

२ ऑगस्ट

रंगीत चित्र काढायच्या हौसेपायी अख्खी जाळी मेमरीत ठेवली. ४०,००० गुणिले ४०,०००, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे १२.८ जीबी. मशीनमध्ये ८. डिस्क घरघरत राहिली, माउस हलेना, शेवटी बटण दाबून बंद केलं. पुढची ओळ काढायला फक्त मागची एक ओळ लागते. ती ३२० केबी होते. चित्र रद्द.

९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा

काल रात्री २,००,००० खुणांचा रन लावला होता, साध्या पायथनमध्ये, अकरा तासांचा अंदाज. आठव्या तासाला लाइट गेली. यूपीएसने वीस मिनिटं धरलं. मधली स्थिती फाइलमध्ये साठवत नव्हतो, सगळं गेलं.

ताई राखी घेऊन आली होती. तिने स्क्रीन पाहिला, नारळीभाताचा डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मुलीचं लग्न काढल्यासारखा चेहरा काय केलायस?" जेवण झाल्यावर आतलं लूप नंबाने (पायथन वेगवान करणारं साधन) कंपाइल केलं. इथे नमपायने (पायथनची गणिताची लायब्ररी) ओळच्या ओळ एकदम काढता येत नाही, कारण प्रत्येक घर त्याच ओळीतल्या आधीच्या घरावर अवलंबून असतं; म्हणून कंपाइल करणंच बरं. अकरा तासांचं काम अडीच मिनिटांत झालं. हे जूनमध्ये का नाही केलं याचं उत्तर माझ्याकडे नाही.

१६ ऑगस्ट

दहीहंडी. नौपाड्यात डीजेच्या आवाजाने टेबलावरचा पेन सरकत होता. काम शून्य.

१९ ऑगस्ट

मुसळधार पाऊस, गाड्या बंद, घरूनच काम. दुपारी वेळ मिळाला तो सगळ्यात विचित्र चुकीवर गेला.

क्षितिजात शिरण्याच्या क्षणी एप्सिलॉन १०० हवा असेल तर सुरुवात त्याच्या बरीच आधी करावी लागते, लहर क्षितिजाबाहेर खोल असताना. आम्ही शंभरपट बाहेरून सुरू केलं. तिथे एप्सिलॉन निघतो ४६,००० च्या वर. तेवढ्यावर उत्तराला काटे फुटायला लागले. खुणा वाढवल्या की काटे कमी व्हायला हवेत, ते वाढले. खुणा वाढवून उत्तर बिघडतं तेव्हा दोष पद्धतीत नसतो, अंकांत असतो, हे मला नोकरीने शिकवलंय.

व्हीच्या खुणा छापून बघितल्या. जिना! शेजारशेजारच्या चार-पाच खुणांची किंमत तंतोतंत सारखी, मग एक उडी, परत चार-पाच सारख्या. एका ठिकाणी तर उडी मागे होती, म्हणजे ब्रेनचा काळ उलटा चालला होता.

झालं होतं ते असं. व्ही म्हणजे काल अधिक झेड, म्हणून मी दोन्ही वेगवेगळे काढून बेरीज करत होतो. पण इथे ब्रेन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जातो: काल जेवढा वाढतो जवळजवळ तेवढाच झेड घटतो. बेरजेत जो बदल उरतो तो दहा अंकांनंतरचा. संगणकाकडे एकूण सोळा अंक, त्यात दोन लाख पावलं. शेवटच्या एक-दोन अंकांच्या कचऱ्यावर मी जाळी उभी केली होती.

आणि औषध ८ जूनच्या पानावर होतं, जे मी "छान" म्हणून उलटलं होतं. (१ + एप्सिलॉन) चा वर्ग वजा एच-एलचा वर्ग बरोबर १. म्हणून (१ + एप्सिलॉन) वजा एच-एल ही वजाबाकी करायचीच नाही, त्याऐवजी १ भागिले त्यांची बेरीज लिहायची. बेरजेत अंक हरवत नाहीत. व्हीची वाढ सरळ या सूत्राने काढून जोडत गेलो. काटे गेले, जिना गेला. आर्याला मेसेज केला: "तुझ्या वहीतलं पान कामाला आलं." तिचं उत्तर आलं, "कुठलं?"

याच जातीची दुसरी चूकही लगेच सापडली. इन्फ्लेशनच्या वेळी ब्रेनवर लहरींची तीव्रता नेहमीच्या सूत्राच्या किती पट होते याचं बंद सूत्र आहे: (१ अधिक एच-एलचा वर्ग) याचं वर्गमूळ काढायचं, त्यातून एच-एलचा वर्ग गुणिले १ भागिले एच-एलचा व्यस्त साइन्श वजा करायचा, आणि १ ला त्या उत्तराने भागायचं. एच-एल १ ला १.८७७, १० ला १५.०४५. मोठ्या किमतीला ते दीडपट एच-एलकडे जातं, १० लाच ते दिसतं. पण १० च्या आठव्या घाताला माझ्या कोडने शून्याने भागल्याची तक्रार केली. दोन प्रचंड संख्यांची वजाबाकी, तोच रोग. एच-एल हजाराच्या वर गेला की दीडपटीचंच सूत्र वापरायचं असं लिहून मोकळा झालो.

३१ ऑगस्ट

गणपतीत चार दिवस गेले, त्यांचं वाईट वाटत नाही.

सरांनी विचारलं होतं, सुरुवातीला लहर बल्कभर १ धरता, ती तशी असते कशावरून? इन्फ्लेशनच्या काळापुरतं उत्तर चांगलं आहे. तेव्हा गणित चलांत सुटं होतं (काल आणि पाचवी मिती वेगवेगळे सोडवता येतात) आणि पाचव्या मितीचे जड तरंग हबल दराच्या दीडपट वस्तुमानाच्या वरच सुरू होतात, मध्ये खिंड असते. म्हणून ते चेतवले जात नाहीत आणि शून्य-वस्तुमानाचा तरंग तेवढा उरतो. इन्फ्लेशन संपून ब्रेन मंदावायला लागला की चलं सुटी होत नाहीत, तिथूनच आमचा सगळा खटाटोप सुरू होतो. तरी खात्री म्हणून आरंभाची लहर मुद्दाम वेडीवाकडी करून दिली. पुरेशी आधी सुरुवात केली तर ब्रेन ते विसरतो. उशिरा केली तर विसरत नाही. दहापट बाहेरून सुरुवात पुरली नाही, शंभरपट पुरली.

१४ सप्टेंबर

आज वर्णपट, म्हणजे कुठल्या वारंवारतेला लहर किती तीव्र त्याचा आलेख. एप्सिलॉन ०.१ पासून १०० पर्यंत तीस लहरी, सगळ्या मिळून दीड तास.

तीन रेषा काढल्या. पहिली, पाचवी मितीच नाही असं धरून: उच्च वारंवारतेला आडवी. दुसरी, पार्श्वभूमीत घनतेचा वर्ग घेतलेला, पण बल्कमध्ये काही गळत नाही असं धरलेलं: वारंवारतेच्या ४/३ घाताने चढत जाणारी. तिसरी, पूर्ण पाच मितींची.

दुसऱ्या रेषेपायी आमचे महिने गेले होते. ब्रेनजवळची पद्धतही उच्च ऊर्जेला तिच्याच आसपास घुटमळत होती. ती चढण बघून कुणालाही वाटेल, पाचवी मिती सापडायचा रस्ता हाच. तिसऱ्या रेषेत गळती धरली की लहरीची उंची घटते, क्षितिजात शिरतानाच्या एच-एलच्या साधारण उणे १/२ घाताने. तीव्रता उंचीच्या वर्गावर जाते. हिशेब केला तर ती घट वारंवारतेच्या उणे ४/३ घाताइतकीच होते. चढण आणि गळती एकमेकांना खाऊन टाकतात. रेषा पुन्हा जवळजवळ आडवी. हिरामात्सु, कोयामा आणि तारुया यांना याच प्रश्नात हेच मिळालं होतं, त्यामुळे पेपर वगैरे विसरा. पण आमच्या कोडने ते स्वतःहून काढलं तेव्हा मी उठून खिडकीपाशी गेलो.

म्हणजे पार्श्वभूमी सुधारून बल्क सोडून देणारी मधली पद्धत, जी कागदावर "जास्त अचूक" वाटते, ती काहीच न करण्यापेक्षा वाईट उत्तर देते. १४ जूनचा देखणा आलेख फोल्डरमधून काढला. आर्याला दोन मिनिटं वाईट वाटलं, मग तिने त्याच आलेखावर "कुठवर चालते" अशी उभी तुटक रेघ मारून तो परत घातला. तो आता प्रबंधातला सगळ्यात उपयोगी आलेख आहे.

ती म्हणाली, "आपल्या औंढ्याच्या लायगोला दिसेल का हे?" हिंगोलीतलं ते गुरुत्वीय लहरी टिपणारं यंत्र उभं राहिलं तरी नाही दिसणार. इन्फ्लेशनच्या लहरींची पार्श्वभूमी जमिनीवरच्या शोधयंत्रांच्या आवाक्यापेक्षा लाखो पटींनी क्षीण आहे.

२१ सप्टेंबर

सरांना अंतिम आलेख दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, "चार महिने, बावीस हजार, आणि आडवी रेघ."

मी म्हटलं, बावीस हजार सातशे.

"दुसरी कशी चढते ते मात्र मोठं काढ," ते म्हणाले. "परीक्षक तिथेच बोट ठेवणार."

संध्याकाळी आर्या स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रत काढायला गेली. काळ्या-पांढऱ्यात पहिली आणि तिसरी रेषा एकमेकींवर बसल्या, आलेखात तीनच्या जागी दोनच रेषा दिसायला लागल्या! झेरॉक्सवाला म्हणाला, "मॅडम, तुमची एक लाइन राहिली वाटतं." तेवढं पान रंगीत काढलं. दहा रुपये.